नाना पाटलांचे राज्य आणि आपले राज्य



हुतात्मा चौकात मशाल धरून दोन माणसे उभी आहेत. एक शेतकरी आणि एक कामगार. दरसाल १ मे आला की पुढारी येतात, हार घालतात, फोटो काढून घेतात आणि गाडीत बसून निघून जातात. मशाल धरणारे दोघे मात्र तिथेच, उन्हापावसात.

त्यातल्या कामगाराला आम्ही गिरणगावची माणसे ओळखतो. तो आमचाच बाप, आमचाच चुलता. पाळी सुटल्यावर डबा हातात घेऊन लालबाग-परळवरून मोर्चात गेलेला. पण त्याच्या शेजारचा शेतकरी तिथे कसा आला? मुंबईच्या लढ्यात त्याचे काय काम होते? तो काय मागत होता?

त्या पुतळ्याखाली कोणा एकाचे नाव नाही. पण आम्हाला विचाराल तर आम्ही एक नाव सांगू. येडे मच्छिंद्र गावचे नाना रामचंद्र पाटील. क्रांतिसिंह नाना पाटील.

आज त्यांच्यावर लिहायला त्यांची जयंती नाही की पुण्यतिथी नाही. कारण दुसरेच आहे. मराठीच्या नावाने मत मागणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत आणि त्यांना मोजायला आमच्याजवळ माप उरलेले नाही. साच्यावरून तागा उतरला की फोल्डिंग खात्यात तो मोजला जाई, उजेडात धरून तपासला जाई. डाग दिसला तर साचेवाल्याला जाब विचारला जाई. मग पुढाऱ्याचा तागा कोणी तपासायचा? भाषणाला टाळी दिली म्हणजे माल पास झाला काय? आम्हाला वाटते, नानांचे आयुष्य हा त्यासाठी चांगला वार आहे. तो हातात घ्या आणि ज्याला त्याला लावून बघा.

तलाठ्याचे दप्तर

३ ऑगस्ट १९०० रोजी नानांचा जन्म झाला. येडे मच्छिंद्र हे कृष्णाकाठच्या मुलखातले, वाळवे तालुक्यातले गाव. तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. घर शेतकऱ्याचे, वळण वारकऱ्याचे, अंग पैलवानाचे. शिक्षण मराठी शाळेपुरते. पण तेवढ्यावर त्यांना तलाठ्याची नोकरी मिळाली. त्या काळात कुणब्याच्या पोराला सरकारी नोकरी म्हणजे दारात हत्ती झुलल्यासारखेच!

तलाठी म्हणजे काय, हे आमच्या गावाकडच्या माणसांना सांगायला नको. शेतकऱ्याला दिसणारे पहिले सरकार म्हणजे तलाठी, आणि पुष्कळांना जन्मात दिसणारे शेवटचे सरकारही तोच. सारा तो घेणार, पीकपाणी तो लिहिणार, जमीन कोणाच्या नावावर हे त्याचे दप्तर सांगणार. आणि त्या दप्तराची गंमत बघा. गावातले दप्तर मराठीत, पण वरून येणारा हुकूम इंग्रजीत. कुणब्याचे पोट खालच्या दप्तरात आणि त्याचे नशीब वरच्या हुकुमात! मध्ये सावकार, मध्ये वकील, मध्ये कारकून. प्रत्येकजण सांगणार, ‘तुला कळायचं नाही, तू अंगठा कर.’ अंगठा केला की जमीन गेली.

सत्यशोधक विचाराचे वारे तेव्हा साताऱ्याच्या खेड्यांत शिरले होते. नानांच्याही कानात ते शिरले. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि या तलाठ्याने नोकरी सोडली. हातात आलेला सरकारी पगार सोडणे काय असते, हे बदलीच्या कार्डावर महिने मोजलेल्या माणसाला विचारा. त्यानंतरच्या १०-१२ वर्षांत नाना आठ-नऊ वेळा तुरुंगात गेले. सुटले की पुन्हा गाव, पुन्हा सभा, पुन्हा तुरुंग.

त्यांची सभा म्हणजे काय होते? आमच्यातल्या एकाचे वडील कुंडलकडचे. साचेखात्यात उभा जन्म गेला. सही करायला ते इथे रात्रीच्या शाळेत शिकले. ते म्हणत, ‘नानांचं भाषण म्हंजे बांधावर बसून गप्पा मारल्यागत. मोठा शब्द न्हाई, पर एक शब्द वाया न्हाई. बाईमाणसालाबी कळायचं आन पोरालाबी कळायचं.’ ही साधी गोष्ट वाटते. पण राजकारण इंग्रजी शिकलेल्यांच्या दिवाणखान्यात अडकले होते, त्या दिवसांत ती साधी नव्हती. ज्याला आपले दुःख आपल्या बोलीत चारचौघांत मांडलेले ऐकायला मिळते, त्याला ते दुःख नशिबाचे वाटेनासे होते. ते कोणीतरी केलेले आहे, हे त्याला उमगते. आणि केलेले असते ते मोडताही येते.

आपले आपण सरकार

ऑगस्ट १९४२ मध्ये देश पेटला. साताऱ्यात शेतकरी हातात तिरंगा घेऊन तालुक्याच्या कचेऱ्यांवर चालून गेले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या, माणसे पडली. मोठे पुढारी तुरुंगात होते. उरलेल्यांनी ठरवले की आता तुरुंगात जाऊन बसण्यात अर्थ नाही. नाना भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत हाती लागले नाहीत. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावले, त्यांचे घरदार जप्त केले. पण ज्या माणसाने आयुष्यभर गावाच्या बोलीत बोलणे केले, त्याला गावाने बोलून दाखवले नाही. कृष्णाकाठच्या खेड्यापाड्यांत बक्षीस तसेच पडून राहिले.

१९४३ साली या मुलखात प्रतिसरकार उभे राहिले. नाना त्याचे तोंड होते, पण ते एकट्याचे काम नव्हे. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर आणि नाव न सांगता राबलेली हजारो माणसे त्यात होती. तुफान सेना नावाचे तरुणांचे दल होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी याच दलाने अडवली. नानांची मुलगी हौसाताई लहान वयातच या कामात उतरली, निरोप आणि हत्यारे पोचवत राहिली. २०२१ साली त्या गेल्या. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नव्हे, मंडळी. कालपरवापर्यंत तिची साक्ष सांगणारी माणसे आपल्यात होती.

पण गाड्या अडवण्यापेक्षा आम्हाला प्रतिसरकारचे दुसरे काम मोठे वाटते. त्यांनी न्यायदान मंडळे चालवली. गावचा तंटा गावातच, सगळ्यांसमोर बसून सोडवायचा. सावकाराने गिळलेली जमीन, नवऱ्याने टाकलेली बाई, भावाभावांची वाटणी, सगळे तिथे येई. वकील नाही, स्टँप नाही, तारीख पे तारीख नाही. वादी मराठीत बोलला, प्रतिवादी मराठीत बोलला, निकालही मराठीत झाला. तोही असा, की हरलेल्यालाही आपण का हरलो ते कळावे. लग्नात कर्ज काढून घर बुडवायची रीत मोडायला त्यांनी थोड्या खर्चाची ‘गांधी लग्ने’ लावली. दारूचे गुत्ते बंद पाडले. गावगुंडांना आणि सरकारच्या खबऱ्यांना जरब बसवली.

म्हणजे बघा, भाषावार राज्याची चर्चा दिल्लीच्या कमिशनांपुढे रंगण्याच्या कितीतरी आधी सातारच्या कुणब्याने आपल्या भाषेतले राज्य चालवून दाखवले होते. त्याने त्याला तसे नाव दिले नव्हते, एवढेच. ‘मराठी राज्य’ म्हणजे नुसती नकाशावरची रेघ नव्हे. जिथे आपला तंटा आपल्याला कळेल अशा शब्दांत आणि आपल्या डोळ्यांदेखत सुटतो, ते मराठी राज्य. नानांच्या प्रतिसरकारातून आम्ही हा अर्थ काढतो, आणि पुढे जे काही सांगणार आहोत ते सगळे याच एका गोष्टीवर उभे आहे.

सातारा ते गिरणगाव

आता कोणी म्हणेल, हे झाले साताऱ्याचे. मुंबईच्या गिरणीचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध असा. गिरणीत कापूस यायचा तो वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याचा. तो कापूस कातायला आणि विणायला उभा राहायचा तो कोकण, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा. पगार झाला की मनिऑर्डर जायची ती त्याच शेतावर, बियाणाला आणि साऱ्याला. गाळ्यातल्या एका खोलीत एका गावची २०-२५ माणसे पाळीपाळीने झोपायची, खाणावळीत जेवायची आणि गणपतीला, नाहीतर गावच्या जत्रेला, घर गाठायची. शेतकरी आणि कामगार ही दोन माणसे नव्हतीच. एकच माणूस. अर्धे वर्ष पाऊस बघणारा आणि अर्धे वर्ष भोंगा ऐकणारा.

म्हणून १९५५-५६ साली ‘मुंबई भांडवलाने उभी राहिली, ती महाराष्ट्राला कशी द्यायची?’ असे जेव्हा बोलले गेले, तेव्हा ते गिरणगावाला लागले आणि साताऱ्यालाही तेवढेच लागले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगारांचा मोर्चा विधानसभेकडे निघाला आणि फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतरचे दिवस परळ-लालबाग-गिरगावच्या गल्ल्यांनी रक्तात मोजले. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडले. या लढ्यात १०६ हुतात्मे झाले, असे आपण सांगत आलो. त्या यादीत गिरणीकामगार किती आणि चाळींतली पोरे किती, ते एकदा वाचून पाहा.

आणि नाना? १९४६ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर ते उघड झाले. ज्या काँग्रेसच्या झेंड्याखाली चार वर्षे रानोमाळ काढली, तिच्या सत्तेत त्यांना खुर्चीची वाट धरता आली असती. त्यांनी ती धरली नाही. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्याबरोबर ते शेतकरी कामगार पक्षात गेले, तिथून पुढे कम्युनिस्ट पक्षात. १९५५ साली डहाणूला अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन भरले आणि तिचे अध्यक्षपद या माजी तलाठ्याकडे आले. पुढे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि नाना तिच्या प्रचारात गावोगाव फिरले.

१९५७ ची निवडणूक आठवा, नाहीतर वाडवडिलांनी सांगितलेली आठवा. समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण केली. मध्य मुंबईतून गिरणीकामगारांचे पुढारी कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले आणि उत्तर साताऱ्यातून नाना पाटील गेले. हुतात्मा चौकातली जोडी पुढे दगडात घडली. त्याआधी ती मतपेटीतून निघाली होती! त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडितजी शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांनी घाट भरून टाकला. प्रतापगड सातारा जिल्ह्यातला. दिल्लीला निरोप पोचला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

दिल्लीत मराठी

नाना लोकसभेत गेले तेव्हा तिथे इंग्रजी चाले, हिंदी चाले. लोकसभेत मराठीतून बोलणारा पहिला खासदार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. शिकलेले काही लोक तेव्हा हसले असतील. म्हणाले असतील, गावंढळ माणूस, इंग्रजी येत नाही म्हणून मराठीत बोलतो.

अहो, येत नाही म्हणूनच तर! ज्यांनी मत दिले त्यांनाही येत नव्हती. उत्तर साताऱ्याच्या मतदाराने ज्या भाषेत आपले म्हणणे त्यांच्या पदरात टाकले, त्याच भाषेत ते दिल्लीच्या पुढ्यात ठेवणे हाच खरा इमान. वाटेत भाषांतर करणारा दलाल नको. तुम्ही आम्ही खात्यातल्या साहेबापुढे उभे राहिलो की काय होई? आपली तक्रार जॉबर आपल्या सोयीने साहेबाला सांगे आणि साहेबाचे उत्तर आपल्या सोयीने आपल्याला सांगे. दोन्हीकडे जॉबरचेच भले. नानांनी दिल्लीत हा जॉबर मध्ये घेतला नाही.

उणी बाजूही सांगू

आम्ही नानांचा देव्हारा मांडायला बसलेलो नाही. फोल्डिंग खात्यात डाग झाकता येत नाही, तसा तो इथेही झाकू नये.

प्रतिसरकारने गुन्हेगारांना आणि खबऱ्यांना तळपायावर फटक्यांची शिक्षा दिली. तिच्यावरूनच लोकांनी ‘पत्री सरकार’ हे नाव केले. भूमिगत फौजेजवळ तुरुंग नव्हता, हे खरे. पण ज्याच्या पायावर काठी पडली, त्याला वर दाद मागायला जागा नव्हती, हेही खरे. अशा वेळी जुनी वैरे साधली जाण्याची भीती असते. आपल्या भाषेतला न्याय म्हणजे आपोआप बरोबर न्याय, असे समजू नये.

दुसरे. नाना पुढे ज्या कम्युनिस्ट पक्षात गेले, त्या पक्षाने १९४२ साली महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटले होते आणि ‘चले जाव’पासून तो दूर राहिला होता. ज्याने ४२ मध्ये घरादारावर निखारा ठेवला, त्याने पुढे तो पक्ष धरावा, याचे अनेकांना कोडे पडले. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो, की नाना पक्षाच्या जुन्या वहीपेक्षा समोरच्या शेतकऱ्याकडे बघून वाट धरत. पण आमचा हा अर्थ सगळ्यांना पटलाच पाहिजे असा आमचा हट्ट नाही.

तिसरे. समितीतली एकी राज्य मिळाल्यावर टिकली नाही. १९६२ साली सातारा मतदारसंघातून किसन वीर, म्हणजे प्रतिसरकारातलेच एक सहकारी, काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. राज्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर यशवंतराव चव्हाण बसले. तेही याच मातीतले. देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव, तेही शेतकऱ्याचेच पोर आणि तेही ४२ च्या चळवळीत भूमिगत राहिलेले. एकाच शिवारातून दोन वाटा निघाल्या. एक वाट सत्तेकडे गेली आणि तिने साखर कारखाने, सहकार, पंचायत राज्य उभे केले. त्याचा फायदा झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. दुसरी वाट नानांची. त्यांच्या हाताने कारखाना उभा राहिला नाही, कॉलेज उभे राहिले नाही. कारखाने उभारले ते त्यांच्या सोबत्यांनी. नागनाथअण्णांनी वाळव्याला हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाने आणि जी. डी. बापूंनी कुंडलला ‘क्रांती’च्या नावाने.

मग नानांनी काय कमावले? ऐका.

१९६७ साली नाना पुन्हा लोकसभेवर निवडून आले. कुठून? बीडमधून! सातारचा माणूस, मराठवाड्यातल्या बीडमधून. १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्याला जोडला गेला. तिथे नानांचे भाऊबंद नाहीत, जमीन नाही, साखर कारखान्याचे सभासद नाहीत. तरी बीडच्या शेतकऱ्याने या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला आपला म्हटले. संयुक्त महाराष्ट्र झाला म्हणजे नेमके काय झाले, असे आज पोरे विचारतात. त्यांना हे एक उत्तर सांगा. सातारचा कुणबी आणि बीडचा कुणबी यांना कळले की आपली बोली थोडी वेगळी असली तरी आपले दुखणे एकच आहे. राज्य कागदावर १९६० साली जोडले गेले. माणसे अशी जोडली गेली.

६ डिसेंबर १९७६ रोजी नाना गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे वाळव्यात, जुन्या सोबत्यांच्या गावात, त्यांना अग्नी दिला. दोनदा खासदार झालेला हा माणूस, पण राज्य त्याची आठवण काढते ती त्याने काय सोडले त्यावरून. नोकरी सोडली, घरदार सोडले, सत्तेची जवळची वाट सोडली. सोडली नाही ती फक्त बोली आणि ती बोलणारी माणसे.

आता माप लावा

आता आपल्या आजच्या गोष्टीकडे येऊ.

आपल्या डोळ्यांदेखत गिरणगाव गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तेव्हा अनेकांनी गावची वाट धरली. ज्या शेताला आपण मनिऑर्डरी पाठवल्या, त्याच शेताच्या भाकरीवर कामगार जगला. आमच्यातले जे तेव्हा तरुण होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. चिमण्या पडल्या, भोंगे थांबले, टॉवर उभे राहिले.

पण जमीन गेली कशी, ते कितीजणांना नीट माहीत आहे? १९९१ च्या नियमात असे होते, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे वाटे करायचे. एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे, बांधकाम उभे असलेल्या जमिनीचे नव्हेत. आता सांगा, गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळीकडे खाती, गोदामे, चिमण्या! ‘मोकळी’ या एका शब्दाने घरांचा आणि मैदानांचा वाटा आटला. प्रकरण कोर्टात गेले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. हे सगळे मराठी राज्यात झाले, मराठी मंत्र्यांच्या सह्यांनी झाले. ज्याची जमीन, ज्याचा घाम, त्याला मात्र पेपरात वाचून कळले. तेही उशिरा.

येडे मच्छिंद्रच्या तलाठ्याने १९३० साली जे दप्तर खाली ठेवले, ते हेच नव्हे काय? खाली आपली भाषा, वर दुसरीच. तेव्हा सावकार म्हणे, अंगठा कर. आता फॉर्म पुढे येतो आणि सांगतात, सही करा. घरासाठी गिरणीकामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे सुमारे पावणेदोन लाख अर्ज नोंदले गेले. सोडतीत घरे निघाली ती त्यातल्या थोड्यांसाठी. बाकीचे अजून कागद जमवत फिरत आहेत. कोणाचे तिकीट नंबर मिळत नाही, कोणाची सर्व्हिस जुळत नाही, कोणाचा वारसदाखला अडला आहे.

मराठी राजभाषा झाली ती १९६४ च्या कायद्याने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहे! पण उच्च न्यायालयातले कामकाज आजही इंग्रजीत चालते आणि आपल्या जिवावरचा निकाल आपल्याला वकील सांगेल तेवढाच कळतो. भाषेला शालजोडी मिळाली. ती बोलणाऱ्याला कागद कधी कळणार?

आणि सीमेवरचे आपले भाऊ विसरू नका. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावातही मराठी माणसांनी रक्त सांडले. ८६५ गावांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला आहे. २००४ सालापासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथला मराठी शेतकरी काय मागतो? आपल्या शेताचा उतारा आपल्याला वाचता यावा, हे मागतो. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असले तर त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, असे तत्त्व देशाने मान्य केलेले आहे. ते पाळा, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आमचे कानडी शेतकऱ्याशी भांडण नाही. त्याचा उतारा त्याला कळतो तसा आमचा आम्हाला कळावा. कळत नसलेल्या दप्तराखाली राहणे म्हणजे काय, ते आम्ही मुंबईत मराठी राज्यात राहूनही भोगले आहे. म्हणून बेळगावचे दुखणे लालबागला सांगावे लागत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, उद्या कोणी मराठीच्या नावाने तुमच्या चाळीत, नाहीतर टॉवरच्या मागे उरलेल्या तुमच्या गल्लीत आला, तर त्याला नानांचे माप लावा. त्याला विचारा:

बाबा, तू आमच्यासाठी काय सोडलेस? की आमच्या नावाने नुसते जोडतच गेलास?

तू आमच्यात बोलतोस ती भाषा वर गेल्यावरही बोलतोस का? की खाली मराठी आणि वर दुसरेच?

आमच्या जमिनीचा, घरांचा, अर्जांचा हिशेब आम्हाला कळेल असा, सगळ्यांसमोर, मैदानात मांडशील का? वडूज-कुंडलच्या माणसांनी बंदुकीच्या सावलीत चावडीवर बसून मांडला, तुला दिवसाढवळ्या काय अडचण आहे?

उत्तर मिळेपर्यंत टाळी वाजवू नका. आणि स्वतःलाही एक शिस्त लावून घ्या. जो कागद कळत नाही त्यावर सही करू नका. मराठीत मागा, पोच मागा, न कळलेला शब्द विचारायला लाजू नका. चाळीत चार वाचणारी पोरे असतील तर त्यांना रविवारी बसवा आणि म्हाताऱ्यांचे अर्ज वाचून घ्या. कृष्णाकाठी न्यायदान मंडळ सुरू झाले ते काही मोठ्या इमारतीत नव्हे. चार माणसे, एक पार आणि सगळ्यांना कळणारी भाषा, एवढ्यावर ते उभे राहिले.

हुतात्मा चौकातल्या त्या दोघांच्या हातात मशाल आहे. मशाल कशासाठी धरतात? अंधारात कागद वाचता यावा म्हणूनही धरतात!

मुंबईसह महाराष्ट्र आपण मिळवला. आता तो आपल्याला कळेल असा करून घेऊ.

जय महाराष्ट्र!